चाळीस सेकंदांची बाकी

आमच्या लहानपणी रस्त्याने एखादा मोठा माणूस पळताना दिसला, की बघणारे आधी त्याच्या मागे पाहायचे. कुत्रे लागले आहे की सावकार, एवढाच प्रश्न असे. शाळेतल्या पोरांनी पळावे, पोलीस भरतीला उतरलेल्यांनी पळावे, फार तर शेवटची एसटी सुटत असेल तर कारकुनाने पळावे. पण पोटापाण्याला लागलेल्या, लेकुरवाळ्या माणसाने कोणी मागे लागलेले नसताना पहाटे उठून पळायचे, ही कल्पनाच नव्हती. आता आमच्या साताऱ्यात पहाटे साडेपाचला समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटाला लागा. डॉक्टर, शिक्षक, वकील, हवालदार, पोरांचे डबे भरून आलेल्या गृहिणी आणि माझ्यासारखे दोनचार पेन्शनर, सगळे धापा टाकत वर चाललेले दिसतील. २०१२ साली इथे हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि तेव्हापासून या गावाची सकाळ बदलली.

आपल्याकडे पळणारे कधी नव्हतेच, असे मात्र नाही. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यांतली माणसे अनवाणी लांब पल्ला पळताना दोराबजी टाटांनी पाहिली आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचे खेळाडू पाठवायची कल्पना तिथे रुजली. त्या ऑलिंपिकमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि दोन तास पन्नास मिनिटांत एकोणिसावे आले. त्या वेळचे अंतर आजच्यापेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच होते. आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर तर अलीकडचीच. मुंबई मॅरेथॉन गाजवून ती २०१६ मध्ये रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीपर्यंत पोचली. पण ही माणसे पळण्यासाठी जन्मलेली. मी बोलतो आहे ते दुकान, हापिस, संसार सांभाळून पळणाऱ्यांबद्दल.

या हौशी पळणाऱ्यांत दोन जाती आहेत. एक जात साखर आटोक्यात राहावी, पोट सुटू नये, चार माणसे भेटावीत म्हणून पळते. घाट चढून आली की चहा-पोहे खाऊन घरी जाते. दुसरी जात घड्याळाशी पळते. गेल्या जानेवारीत चार तास सतरा मिनिटे लागली, यंदा चार तास दहा लागावीत, एवढ्यासाठी ही माणसे वर्षभर लग्नांची जेवणे टाळतात, रात्री नऊला झोपतात आणि घरच्यांच्या शिव्या खातात. बक्षीस तर मिळणार नसतेच. केल्विन किप्टम या केनियाच्या तरुणाने २०२३ मध्ये शिकागोला हे अंतर दोन तास आणि पस्तीस सेकंदांत संपवले. त्या हिशेबाने आमची माणसे अर्ध्या वाटेवर असतात, तेव्हा पहिला आलेला गडी अंग पुसून मोकळा झालेला असतो. मग चार तासांचे तीन तास एकोणसाठ मिनिटे केली, तर कोणाचे काय भले होते? गेली नऊ-दहा वर्षे मी हा प्रश्न एका माणसाकडे पाहून स्वतःलाच विचारत आलो आहे.

त्याचे मेडिकलचे दुकान आहे. नाव सांगत नाही, त्याला आवडणार नाही. मी शाखेत मॅनेजर असताना त्याच्या कॅश क्रेडिटचे कागद माझ्या टेबलावरून गेले होते, तेव्हापासून तो मला साहेब म्हणतो. दरमहाचे स्टॉक स्टेटमेंट सात तारखेच्या आत आणून देणारे खातेदार मी नोकरीत मोजकेच पाहिले, हा त्यांतला एक. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत तो बोटाने दोनदा तपासतो. २०१५ साली तो पळू लागला तेव्हा चौतीस वर्षांचा होता आणि वजन ब्याऐंशी किलो. दिवसभर काउंटरमागे उभे राहायचे आणि रात्री दहाला जेवायचे, मग दुसरे काय होणार?

२०१६ च्या जानेवारीत तो मुंबईला पहिली पूर्ण मॅरेथॉन पळाला. चार तास अठ्ठेचाळीस मिनिटे. जुन्या स्टॉक रजिस्टरची मागची पाने कोरी होती, तिथे त्याने रकाने आखले: तारीख, अंतर, वेळ, शेरा. पुढच्या वर्षी चार एकोणतीस. मग चार सतरा. २०१९ मध्ये चार आठ. हे आकडे त्याने मला दाखवले तेव्हा माझ्या लक्षात आले, की दर साल घट कमी कमी होत चालली आहे. एकोणीस मिनिटे, बारा मिनिटे, नऊ मिनिटे. ठेवी वाढवताना शाखेत हाच अनुभव येतो. पहिली वाढ गावातल्या ओळखीवर होते, नंतरच्या प्रत्येक लाखासाठी घाम गाळावा लागतो.

तरुणपणी न पळलेल्या माणसाची एक ठराविक समजूत असते: जोरात पळायचे असेल, तर रोज जोरात पळावे. तोही सुरुवातीला तेच करायचा. घाटात जीव खाऊन चढायचा, खाली येऊन पायरीवर बसायचा आणि आठवड्यातून दोनदा पोटरी धरून लंगडायचा. आमच्यात एक निवृत्त क्रीडाशिक्षक आहेत. ते त्याला म्हणाले, ‘‘तू हळू पळ.’’ तो हसला. ते म्हणाले, ‘‘हसू नकोस. आठवड्यातले चार-पाच दिवस असा पळ, की शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागली तर चूक.’’ त्याला हा अपमान वाटला. महिनाभर त्याने ते ऐकले नाही.

ही गोष्ट मी त्याला अखेर बँकेच्या भाषेत सांगितली, कारण मला दुसरी येत नाही. शरीराची दोन खाती असतात. एक चालू खाते. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन. त्यात साधारण दोन हजार कॅलरी मावतात, चेक लिहिला की लगेच पैसे मिळतात. दुसरी मुदत ठेव, म्हणजे चरबी. सडपातळ माणसाच्या अंगावरही हजारेक किलोमीटर पुरेल एवढी ती असते, पण ती मोडायला वेळ लागतो आणि कारकून निवांत असतो. सत्तर किलोच्या माणसाला एक किलोमीटर पळायला साधारण सत्तर कॅलरी लागतात. बेचाळीस किलोमीटरला झाल्या तीन हजाराच्या घरात. आता मांडा हिशेब. नुसत्या चालू खात्यावर जो पळेल, त्याचा चेक तिसाव्या किलोमीटरच्या आसपास परत येणार. पळणारे त्याला भिंत म्हणतात. पाय शिशाचे होतात, डोके बधिर होते, माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून आकाशाकडे बघतो.

हळू पळण्याने काय होते, तर मुदत ठेवीचा कारकून चपळ होतो. स्नायूंच्या पेशींत इंधन जाळणाऱ्या भट्ट्या वाढतात, त्यांच्यापर्यंत रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या वाढतात. मग त्याच वेगाला चरबीचा वाटा जास्त आणि साखरेचा कमी लागतो. हे काम महिनोन्महिने, वर्षानुवर्षे चालते आणि बाहेरून काही दिसत नाही. आवर्त ठेवीसारखे. जोरात पळायचे तेही आठवड्यातून एकदा-दोनदाच, औषधासारखे मोजून. ‘‘डोस,’’ तो म्हणाला. तेव्हा त्याला पटले. पुढे तो घाटातून इतक्या संथ चालीने पळू लागला, की माझ्यासारखा पेन्शनर त्याच्याबरोबर अर्धा घाट गप्पा मारत जात असे. त्याचे बरेचसे आयुष्य मला त्या चढावरच कळले.

२०२० चा जानेवारी. चार तासांच्या आत यायचे तर प्रत्येक किलोमीटर पाच मिनिटे एक्केचाळीस सेकंदांत पळावा लागतो. तो आकडा त्याने तळहातावर लिहून घेतला होता. सी लिंकवर तो वेळेत होता, तिसाव्या किलोमीटरलाही वेळेत होता. मुंबई मॅरेथॉनची गंमत, किंवा क्रूर थट्टा म्हणा, अशी की पेडर रोडचा चढ येतो तो पस्तीसच्या पुढे. मोटारीतून जाताना तो चढ आहे हे कळतसुद्धा नाही. एव्हाना ऊन चढलेले असते. साताऱ्याच्या कोरड्या हवेत वाळणारा घाम मुंबईत अंगावर तसाच राहतो आणि अंग निवत नाही. त्या चढावर तो दीडशे-दोनशे पावले चालला. वर येऊन पुन्हा पळाला. शेवटची वेळ आली चार तास, शून्य मिनिटे, चाळीस सेकंद.

चाळीस सेकंद म्हणजे किलोमीटरमागे एक सेकंदसुद्धा नाही. बुटाची नाडी बांधायला त्याहून जास्त वेळ लागतो. परतीच्या गाडीत तो काही बोलला नाही. लोणावळा गेल्यावर म्हणाला, ‘‘साहेब, बाकी राहिली.’’

वास्तविक चार तास या आकड्यात काय आहे? चार तास एक मिनिटाने पळणाऱ्याच्या आणि तीन एकोणसाठने पळणाऱ्याच्या हृदयात, फुप्फुसात कुठलाही डॉक्टर फरक दाखवू शकणार नाही. अंतराचे म्हणाल, तर बेचाळीस किलोमीटर एकशेपंचाण्णव मीटर हाही एक योगायोगच. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शर्यत विंडसरच्या राजवाड्यापासून सुरू करून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या सज्जासमोर संपवली, ते हे अंतर. १९२१ साली तेच कायमचे ठरले. म्हणजे अंतर राजाच्या सोयीचे आणि तासाचे साठ भाग बाबिलोनी लोकांचे. या दोन परक्या आकड्यांच्या कात्रीत साताऱ्याचा एक दुकानदार सापडावा!

पण तो एकटा नाही. चार अमेरिकी अभ्यासकांनी मॅरेथॉनच्या जवळजवळ एक कोटी निकालांचा अभ्यास करून २०१७ साली ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात निबंध छापला. त्यांतल्या पॅट्रिशिया डेचो या बाई तर हिशेबशास्त्राच्या प्राध्यापक, म्हणून मला विशेष आपुलकी. या निकालांचा आलेख काढला तर तो गुळगुळीत टेकडीसारखा यायला हवा. प्रत्यक्षात तीन तास, साडेतीन तास, चार तास या आकड्यांच्या अलीकडे माणसांची दाटी दिसते आणि पलीकडे एकदम विरळ. शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये, जेव्हा सगळेच मंदावतात, तेव्हा ज्यांना गोल आकडा हाताशी दिसतो ती माणसे कमी मंदावतात. कुठूनतरी ताकद काढतात.

हा आलेख पाहून मला हसू आले. ज्याने बँकेत शाखा सांभाळली आहे त्याला हा आकार तोंडपाठ असतो. एकतीस मार्चच्या ठेवी! तीस तारखेपर्यंत उद्दिष्टाला चार लाख कमी असतात, एकतिसाला संध्याकाळी दोन लाख जास्त होतात आणि तीन एप्रिलला निघून जातात. ओळखीच्या व्यापाऱ्याला मॅनेजर फोन करतो, ‘‘शेठ, दोन दिवस राहू द्या.’’ फरक एवढाच, की त्या ठेवी उसन्या असतात. मॅरेथॉनचे शेवटचे दोन किलोमीटर कोणी उसने देत नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सगळे बंद झाले. मेडिकल उघडे. रस्त्यावर चिटपाखरू नसताना हा सकाळी आठपासून रात्री आठपर्यंत काउंटरवर. मास्क, सॅनिटायझर, मग ऑक्सिमीटर, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये रेमडेसिव्हिरसाठी हातात चिठ्ठी घेऊन रडणारी माणसे. तो तेव्हा चाळीस वर्षांचा होता, आणि एप्रिलात लस होती पंचेचाळीसच्या पुढच्यांना. महिन्याच्या अखेरीस तो स्वतः झोपला. अकरा दिवस ऑक्सिजनवर. त्याच्या पत्नीने दुकान चालवले. मी फोन करायचो, तर एवढेच म्हणायची, ‘‘काका, आज ब्याण्णव आहे.’’ दुसऱ्या दिवशी, ‘‘आज नव्वद.’’ चार तास अमुक मिनिटे या आकड्यांची चर्चा करणारे आम्ही, त्या अकरा दिवसांत फक्त हा एक आकडा ऐकत होतो.

घरी आला तेव्हा बासष्ट किलोचा होता. घर ते दुकान चारशे मीटर, वाटेत दोनदा टेकायचा. फुप्फुसाच्या डॉक्टरांनी सहा मिनिटे चालण्याची चाचणी घेतली. सपाट जागेवर सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो, एवढेच पाहतात. हा चालला दोनशे नव्वद. महिन्याने मी घरी गेलो, तर स्टॉक रजिस्टर उशाशी होते. मॅरेथॉनच्या त्याच रकान्यांत खाली नोंद होती: सहा मिनिटे, २९० मी. त्याच्या खाली ३१०. त्याच्या खाली ३४५. वरच्या ओळीत चार तास चाळीस सेकंद, खाली तीनशे पंचेचाळीस मीटर. मधे एक रेघसुद्धा नव्हती.

त्या दिवशी त्याच्या पत्नीने मला दारापर्यंत सोडताना सांगितले, ‘‘काका, ते तुमचं ऐकतात. आता पळणं पुरे म्हणावं. दुकान आहे, मुलगी दहावीला जाईल. मला ते जिवंत हवेत.’’ यात काही चूक नव्हती. मी त्याला पळ म्हणालो नाही आणि पुरेही म्हणालो नाही. डॉक्टरांकडे पुन्हा जा, ते सांगतील तसे कर, एवढे म्हणालो. त्याने हृदयाच्या, फुप्फुसाच्या सगळ्या तपासण्या वर्षभरात दोनदा केल्या. दुसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, हरकत नाही, पण सावकाश. सावकाश पळणे तर त्याला आता येतच होते.

त्या आजारपणात मी त्याला एड व्हिटलॉकबद्दल सांगत असे. लंडनला १९३१ साली जन्मलेला, कॅनडात खाणींचा इंजिनियर म्हणून नोकरी केलेला हा माणूस. पोरवयात पळायचा, मग सुटले आणि चाळिशीत पुन्हा सुरू केले. निवृत्तीनंतर ऑन्टारिओतल्या मिल्टन गावात घराजवळच्या दफनभूमीत पळायचा. तिथे गाड्या नाहीत, कुत्री नाहीत आणि कोणी ‘कितवी फेरी?’ विचारत नाही. त्याच लहानशा वाटेवर घिरट्या घालत दोन-दोन, तीन-तीन तास, अगदी सावकाश. प्रशिक्षक नाही, बूट वर्षानुवर्षांचे जुने. सत्तरीनंतर तीन तासांच्या आत मॅरेथॉन जगात कोणी पळाले नव्हते. २००१ मध्ये सत्तराव्या वर्षी त्याने प्रयत्न केला आणि त्याची वेळ आली तीन तास चोवीस सेकंद. ‘‘म्हणजे त्याचीही बाकी राहिली,’’ आमचा गडी पलंगावरून म्हणाला. २००३ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, दोन तास एकोणसाठ मिनिटे दहा सेकंद. पुढच्या वर्षी, म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षी, दोन चोपन्न अठ्ठेचाळीस. एका वर्षाने म्हातारा आणि चार मिनिटांनी वेगवान! आणि २०१६ च्या ऑक्टोबरात टोरांटोला, पंच्याऐंशीव्या वर्षी, तीन छप्पन चौतीस. पाच महिन्यांनी तो कॅन्सरने गेला.

पंच्याऐंशीव्या वर्षी चारच्या आत, हे ऐकून तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘साहेब, मला अजून पंचेचाळीस वर्षं आहेत.’’

ही थट्टा होती, पण तीत एक हिशेब आहे आणि तो वयस्कर पळणाऱ्याला करावाच लागतो. हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वयाबरोबर खाली येते. तुम्ही कितीही पळा, ती थांबत नाही. शरीराला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरता येतो, ती क्षमताही तिशीनंतर उतरते. बैठ्या माणसाची दहा वर्षांत साधारण दहा टक्के, मेहनत चालू ठेवणाऱ्याची त्यापेक्षा बरीच कमी. म्हणजे चाळिशीनंतर तुमची वेळ जैसे थे राहिली, तर ती खरे म्हणजे सुधारली. आपण पगारवाढीतून महागाई वजा करतो, तसेच आहे हे. ज्येष्ठांच्या मैदानी स्पर्धांत यासाठी कोष्टकेच वापरतात. तुमच्या वेळेला वयाचा गुणक लावला, की ती ऐन जवानीतल्या वेळेशी ताडून पाहता येते. व्हिटलॉकची त्र्याहत्तराव्या वर्षाची वेळ असा गुणक लावून पाहिली, तर ती जगातल्या अव्वल धावपटूंच्या पंक्तीत जाऊन बसते. माझी अर्धमॅरेथॉन बासष्टाव्या वर्षी दोन तास चोवीस मिनिटांची होती, पासष्टाव्या वर्षी दोन एकोणतीस. बायको म्हणाली, पाच मिनिटांनी मागे पडलात. मी कोष्टक दाखवले. ती म्हणाली, ‘‘बँकेतही असेच आकडे दाखवायचात का?’’

मुंबई मॅरेथॉन २०२१ आणि २०२२ मध्ये झालीच नाही. २०२३ च्या जानेवारीत ती परत सुरू झाली, तेव्हा हा चार तास एकतीस मिनिटांत आला. गटातल्या पोरांनी खांद्यावर थापा मारल्या, ‘‘पूर्ण केलीस, हेच खूप.’’ सगळ्यांचा हेतू चांगला होता. पण मी त्याचा चेहरा पाहत होतो. ‘पूर्ण केली हेच खूप’ या वाक्यात एक निरोप दडलेला असतो: आता तुझ्याकडून आमची अपेक्षा नाही. निवृत्तीच्या दिवशी नारळ-शाल देताना जे बोलतात, त्याच जातीचे वाक्य. अलीकडे असे म्हणण्याची पद्धत पडली आहे, की वेळेच्या मागे लागू नका, आनंदासाठी पळा. घड्याळे, मोजपट्ट्या, मोबाइलवर आलेख काढून पळणाऱ्यांची नवी जमात पाहिली, की मलाही कधी कधी तसे वाटते. तरी मला हे सांगणे पूर्ण पटत नाही. गाणाऱ्याला कोणी म्हणत नाही, की सुराच्या मागे लागू नकोस, आनंदासाठी गा.

२०२३ च्या पावसाळ्यात घाटातून उतरताना मी त्याला थेट विचारले. म्हटले, ‘‘घरच्यांचा जीव टांगणीला लावून हे चाललंय. त्या चाळीस सेकंदांत एवढं काय आहे?’’ पाऊस भुरभुरत होता. तो दोन वळणे काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘‘साहेब, दुकानात भाव कंपनीचा, चिठ्ठी डॉक्टरची, उधारी गिऱ्हाइकाची आणि कर्ज बँकेचं. माझं असं काय आहे त्यात? मी नुसता फळीवरून काढून देतो. हे चार तास तेवढे माझे. जास्त लागले तरी माझे, कमी लागले तरी माझे.’’ पुढे काय बोलावे हे मला सुचले नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब ठेवले आहेत.

२०२४ मध्ये चार अकरा. त्यानंतरच्या वर्षी त्याने फार वेगळे काही केले नाही, फक्त दोन गोष्टी बदलल्या. ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी दुकान बंद असते त्या वेळात तो पळू लागला. अंगाला उष्णतेची सवय व्हायला दहा-पंधरा दिवस लागतात, घाम लवकर आणि जास्त येऊ लागतो, आणि मुंबईत त्याचीच गरज. दुसरे म्हणजे, रविवारच्या लांब पळण्याचा शेवट तो मुद्दाम चढावर करू लागला. तीस किलोमीटर सपाटीवर काढायचे आणि मग घाटाची पहिली चार वळणे. त्याच्या पत्नीने एक अट घातली होती, की दर रविवारी ती स्कूटर घेऊन मागे येणार. पाणी, मीठ-साखर, केळी डिकीत. पहिले काही रविवार ती रागावलेली असे. नंतर नंतर तिच्याच हातात घड्याळ आले आणि ती वळणावर थांबून ओरडू लागली, ‘‘अहो, पाच बावन्न!’’

१९ जानेवारी २०२५. मी माहीमहून सुटणारी अर्धमॅरेथॉन संपवून पाय ओढत मरीन ड्राइव्हवर येऊन उभा राहिलो. ऊन पाठीवर घेऊन माणसांचा लोंढा समुद्राच्या कडेने येत होता. कोणी हसत, कोणी लंगडत, एक गृहस्थ मोबाइलवर बोलत. चारच्या आसपास येणाऱ्यांचे चेहरे मात्र मला आता दुरून ओळखू येतात. ते कोणाकडे पाहत नाहीत. तो दिसला तेव्हा मान किंचित डावीकडे झुकलेली, उजवा हात छातीशी आवळलेला. मी हाक मारली. त्याने पाहिले नाही, पण दोन बोटे वर केली. शेवटचे दोन राहिलेत, असे असावे. त्या गर्दीत माझ्या जवळून जाताना त्याच्या श्वासाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. लयीत होता. जिन्याच्या दोन पायऱ्या चढताना तुटणारा हाच श्वास मी साडेतीन वर्षांपूर्वी ऐकला होता.

निकाल मोबाइलवर यायला वेळ लागला. तीन तास, एकोणसाठ मिनिटे, बावीस सेकंद. एक कोटी माणसांच्या त्या आलेखात चारच्या अलीकडे जी दाटी आहे, तिच्यात आणखी एकाची भर. त्याच्या पत्नीला मी साताऱ्याला फोन लावला. ती काउंटरवर होती. म्हणाली, ‘‘काका, जरा थांबा, गिऱ्हाईक आहे.’’ मग फोन हातात तसाच ठेवून तिने कोणाला तरी सुटे पैसे दिल्याचे ऐकू आले, आणि नंतर बराच वेळ काहीच ऐकू आले नाही.

सोमवारी संध्याकाळी माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दुकानात गेलो. तो जिना धरून धरून उतरत होता, पण काउंटरवर आला की ताठ. एका म्हाताऱ्या बाईंना समजावत होता, ‘‘आजी, ही सकाळी नाश्त्यानंतर, ही रात्री. अदलाबदल करायची नाही.’’ पुन्हा एकदा सांगितले. पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिला. मग मला पाहून खालच्या खणातून रजिस्टर काढले आणि माझ्यापुढे सरकवले. २०२५ च्या ओळीत तारीख होती, अंतर होते, वेळ होती. शेऱ्याच्या रकान्यात एवढेच लिहिले होते: पेडर रोडवर चाललो नाही.